गाळपेर

पहाटे साडेपाचला चापडगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरवरचे ब्लोअर घोंघावत होते. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला कोवळी फूट आलेली असते, त्यावर दव बसलं की डावणी रोग येतो. म्हणून नोव्हेंबरात आमच्या निफाडच्या शेतकऱ्याला धड झोप नसते. गाडीच्या काचा बंद असूनही औषधाचा उग्र वास आत येतो. बागा मागे पडल्या, की तो वास सरतो आणि दुसरा सुरू होतो : ओल्या मातीचा, कुजलेल्या पाणकणसाचा, शेवाळाचा. या वासावरून मला अंधारातही कळतं, की गोदावरी आली.

गाडी चालवणारा माझा जुना विद्यार्थी. सातवीला मी त्याला भूगोल शिकवला. आता तो वनखात्याचं प्रशिक्षण घेऊन गाईड झालाय, आणि या पाण्याच्या बाबतीत मीच त्याची विद्यार्थिनी आहे.

"बाई, आज लवकर निघालो ते बरं झालं," तो म्हणाला. "वरून पाणी सोडलंय. आठ-नऊपर्यंत चिखल बुडणार."

वरून म्हणजे गंगापूर आणि दारणा धरणांतून. हे पाणी आमच्यासाठी नव्हतं. ते आमच्यासमोरून पैठणला, जायकवाडीत जाणार होतं. ते पोचायच्या आत चिखल बघून घ्यायचा होता.

नांदूर मध्यमेश्वरला लोक पक्षी बघायला येतात. मीही पक्ष्यांसाठीच येते, पण नजर आधी चिखलावर जाते. किती उघडा पडलाय, कुठे भेगाळलाय, कुठे अजून लोण्यासारखा मऊ आहे. घरात हे वडिलांकडून आलं. ते पाटबंधारे खात्यात होते, कालव्याच्या तोंडाशी त्यांची नेमणूक. लोक त्यांना पाटकरी म्हणत. पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. ती वही सरकारी, ती कचेरीत जमा व्हायची. पण घरी भिंतीवर कालनिर्णय असायचं. त्याच्या चौकटींत आई दुधाचा हिशेब लिहायची आणि वडील पेन्सिलीने एकेक शब्द : 'धोबी', 'बदकं', 'हंस', कधी नुसतंच 'चिखल'. ती पानं आईने फाडून टाकली नाहीत. वाण्याच्या पुड्यांना जाड कागद बरा पडतो असं ती म्हणायची, पण पुड्या कधी बांधल्या नाहीत. पत्र्याच्या पेटीत ती पानं अजून आहेत.

उजाडायला लागलं तेव्हा आम्ही काठाच्या बाभळींखाली उभे होतो. पाण्यावर धुकं होतं. पहिला आला तो आवाज. तुतारी पक्ष्याचा, बारीक आणि तुटक, कोणी लहान शिट्टी तीन-तीनदा फुंकावी तसा. मग धुक्याच्या कडेला शेकाट्यांचे गुलाबी पाय दिसले. अंग दिसायच्या आधी पाय. त्यांच्यामागे चिखलावर काहीतरी पळत होतं, थांबत होतं, पुन्हा पळत होतं. ते कंठेरी चिखले. या पक्ष्याचं नाव ज्याने ठेवलं त्याने फार वेळ चिखलाकडे बघितलं असलं पाहिजे, कारण स्थिर उभा असताना चिखल्या दिसतच नाही. तो पळाला की चिखलाचाच एक तुकडा पळाल्यासारखा वाटतो.

धुकं वर गेलं आणि पाण्याचा मधला भाग काळा झाला. ते वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा. नाव त्यावरूनच पडलं असावं. शेकड्यांनी बसलेले, आणि त्यांच्यामध्ये मिसळलेली बदकं : भुवई बदक, तलवार बदक, आणि थापट्या. थापट्याला मी शाळेत चाळणी म्हणायची. चोच पुढे पसरट, तिच्या कडांना बारीक दात्यांची झालर. तो पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून पुढे सरकत राहतो, पाणी बाहेर जातं आणि बी, अळी, किडा आत राहतो. चिखलात उभे असलेले मालगुजे मात्र शिंप्यासारखे काम करतात, लांब सरळ चोच खाली-वर, खाली-वर. शेकाट्या पाण्यात, मालगुजा चिखल-पाण्याच्या सीमेवर, तुतारी ओल्या चिखलात, धोबी कोरड्या होत चाललेल्या कडेवर. पाच-सहा पावलांच्या पट्ट्यात प्रत्येकाचा वाफा ठरलेला. पट्टा खालीवर सरकला, की सगळेच त्याबरोबर सरकतात.

यांना सगळे पाहुणे म्हणतात. वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात मथळा येतो. मला तो शब्द पटत नाही. ठिपकेदार तुतारी इथे ऑगस्टच्या शेवटीच दिसू लागते, पोळ्याच्या सुमारास, आणि जाते ती एप्रिल सरता सरता. वर्षातले आठ महिने आमच्या चिखलात काढते आणि उत्तरेकडच्या दलदलींत जाते ती पिल्लं वाढवण्यापुरती. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलीला आपण सासरची पाहुणी म्हणतो का? भोरड्या तर त्याहून आधी येतात. माझी आजी बाजरीच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसायची ती त्यांच्यासाठीच. तिला भोरड्या कुठून येतात ते माहीत नव्हतं, पण बाजरी निसवली की त्या येतात हे पक्कं माहीत होतं, आणि धोबी अंगणात शेपूट हलवू लागला की ती पावसाळ्यातली घोंगडी उन्हात टाकायची. या ये-जेचा पहिला हिशेब शेतकऱ्यांनीच ठेवला. तो लिहिला नाही एवढंच.

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर आलेल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, असं माझा विद्यार्थी सांगतो. "हे तळं किती जुनं?" नदीपात्रातलं मृगव्याधेश्वराचं देऊळ बघून आलेले असतात. रामाने मारीच मृगाला बाण मारला तो इथून, अशी कथा आहे. नाशिकपासून गोदावरीच्या दोन्ही काठांना रामायण चिकटलेलंच आहे. त्यामुळे तळंही त्रेतायुगातलं वाटतं. तो सांगतो, "माझ्या पणजोबांच्या लग्नानंतरचं." लोकांना पटत नाही.

पण ते खरंच आहे. पक्ष्यांची वाट जुनी आहे, हा मुक्काम नवा आहे. शंभर वर्षांहून थोडा जुना.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. 1896-97चा दुष्काळ आणि त्यातून लोक सावरायच्या आत 1899-1900चा, ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. दख्खनमध्ये माणसं आणि गुरं इतकी मेली, की सरकारला सिंचनाचा विचार करणं भाग पडलं. 1901मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला आणि 1903मध्ये त्याचा अहवाल आला. कालवा पैसे मिळवून देत नसला तरी दुष्काळ अडवत असेल तर बांधावा, हा विचार त्यातून पक्का झाला. अशा कामांना संरक्षक कामं म्हणत. गोदावरीचे कालवे त्यातले. पाणी हवं होतं खाली कोपरगाव-राहात्याच्या पट्ट्याला, जिथे जमीन काळी आणि खोल, पण पाऊस बेभरवशाचा. आणि बंधारा घालून नदीचं पाणी उचलायला जागा सापडली ती इथे, गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथे.

बंधारा हा शब्द आमच्या जिल्ह्याला नवा नव्हता. बागलाणात, मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यांत, फडपद्धतीचे लहान दगडी बंधारे कित्येक पिढ्यांपूर्वीपासून होते. गावकऱ्यांनी बांधलेले, गावकऱ्यांनीच राखलेले. नांदूरचं काम मात्र वेगळ्या मापाचं. 1911च्या सुमारास ते उभं राहिलं. तो काळ शांत नव्हता. याच वर्षांत, 21 डिसेंबर 1909ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जिल्ह्याच्या इतिहासात ती तारीख कोरली गेली, ते योग्यच. पण त्या दिवशीही इथे पाथरवटांच्या छिन्न्या चालू असतील, चुन्याच्या घाण्या फिरत असतील, आणि त्या हातांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा बंधारा पाणी साठवायला बांधलाच नव्हता. पाणी साठवायचं होतं वर, इगतपुरीकडे, सह्याद्रीच्या पावसात. तिथलं दारणा धरण 1916मध्ये पुरं झालं. धरणातून सोडलेलं पाणी दारणा नदीतून यायचं, दारणासांगवीला गोदावरीत मिसळायचं, आणि नांदूरला पोचलं की बंधाऱ्याने त्याला थोपवून दोन्ही काठांच्या कालव्यांच्या तोंडाइतकं वर उचलायचं. काम एवढंच. वडील सांगायचे, बंधारा म्हणजे जिन्याची एक पायरी. पाण्याने त्यावर चढायचं आणि कालव्यात उतरायचं. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात गंगापूर धरणापुढे 5,630 दशलक्ष घनफूट लिहिलेलं असतं आणि नांदूर मध्यमेश्वरपुढे 257. इतक्या छोट्या आकड्याकडे कोण बघणार?

पण पायरीवर माती साचते. गोदावरी आणि कादवा पावसाळ्यात चहासारख्या रंगाच्या होऊन येतात. डोंगरउतारावरची लाल माती आणि नांगरलेल्या शेतांची काळी माती, दोन्ही त्यांच्या पोटात असतात. पाणी वेगात असतं तोवर माती तरंगत राहते. बंधाऱ्याच्या मागे नदी रुंद होते, वेग मंदावतो, आणि माती खाली बसते. पहिल्या वर्षी बोटभर, दुसऱ्या वर्षी आणखी बोटभर. मग गाळाचे उंचवटे पाण्याबाहेर येतात, त्यांवर पाणकणीस उगवतं, पाणकणसाच्या मुळांत पुढच्या पुराचा गाळ अडकतो. उंचवट्याचं बेट होतं. दोन बेटांमधे गुडघाभर पाण्याची डबकी उरतात, त्यांत ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ वाढतं, शेवाळात गोगलगाई आणि अळ्या. कोणी आखलं नाही, कोणी मंजुरी दिली नाही. इंजिनिअरांनी भिंत बांधली आणि पाणथळ बांधली ती गाळाने.

खात्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा. दरवर्षी गेलेली क्षमता. वडिलांनाही तो शब्द त्याच अर्थाने शिकवला होता. पण त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदींत 'चिखल' हा शब्द तक्रारीसारखा येत नाही. दसऱ्याच्या आगेमागे तो एकदा येतो, आणि त्यानंतरच्या चौकटींत पक्षी सुरू होतात. त्यांना संबंध कळला होता.

आमच्याकडे धरणाचं, तळ्याचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खातं ती हंगामापुरती भाड्याने देतं. नांगरटीची फारशी गरज नाही, खताची तर नाहीच. पाणी जसं मागे सरकतं तसं माणूस बी टाकत पुढे सरकतो. हरभरा, गहू, काकडी. पुढच्या पावसाळ्यात पाणी आपली जमीन परत घेतं. भूगोल शिकवताना गाळपेर मी दरवर्षी सांगायची, आणि तरी किती वर्षं हे लक्षात आलं नाही, की समोर चिखलावर चाललेलं तेच आहे. पाऊस थांबतो, पाणी उतरतं, आणि उतरत्या पाण्याच्या कडेकडेने ही मंडळी गाळ पेरत नाहीत, पण वेचत पुढे सरकतात. स्थलांतराचा हंगाम आणि गाळपेराचा हंगाम एकच. सप्टेंबरात दरवाजांतून पाणी उसळत असतं तेव्हा तुतारीला उभं राहायला जागा नसते, ती शेतातल्या डबक्यांवर थांबते. ऑक्टोबरात पहिली कड उघडते आणि तिथे रात्रीतून पक्षी भरतात.

बंधाऱ्याआधी हे पक्षी कुठे उतरत होते? नदीचे डोह होते, वाळूची बेटं होती, गावतळी होती. ते या मुलखात येत होते यात शंका नाही. शेजारच्या पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने 1882मध्ये ॲलन ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली होती. बंधाऱ्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा, मग कातडं काढून पेंढा भरायचा. पुढेही बराच काळ बदकाची नोंद म्हणजे बंदुकीची नोंद. साहेब थंडीत बदकं मारायला निघत आणि आपले सरदार-जहागीरदार त्यांच्या पंगतीला बसत. हे वाचताना मला त्रास होतो, पण या ज्ञानाची पहिली पानं त्याच हातांनी लिहिली, हे नाकारता येत नाही.

मारण्याऐवजी खूण करून सोडायचं, हे नंतर आलं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883ची, पण भारतात पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची वाळी घालायचं काम सुरू झालं ते 1920च्या दशकात, माळव्यातल्या धार संस्थानात. धारचे पवार म्हणजे आपलं मराठी घराणं; आमच्या शाळेच्या पुस्तकात ते लढायांपुरतेच यायचे, त्यांच्या तळ्यांवर हे काम झालं हे मला निवृत्तीनंतर कळलं. मोठ्या प्रमाणावर वाळी घालणं सुरू झालं ते आणखी तीसेक वर्षांनी, सलीम अलींच्या देखरेखीखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. तिला भीती होती रोगाची. 1957मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि माणसं एका नव्या तापाने मेली होती, आणि त्याचे विषाणू उत्तरेकडून पक्ष्यांवरच्या गोचिडांतून आले का, हे तपासायचं होतं. पक्ष्यांवर तो आरोप सिद्ध झाला नाही. पण त्या निमित्ताने हजारो पायांत वाळी गेली, आणि कुठला पक्षी कुठून कुठे जातो याचे धागे हाती आले. वाळ्यावर मुंबईला कळवा असा मजकूर इंग्रजीत असायचा. मध्य आशियातल्या एखाद्या शिकाऱ्याने ते वाळं काढून पत्र लिहिलं, तर एक रेषा नकाशावर पुरी होई.

डोंगर ओलांडणाऱ्या पट्टकदंब हंसाची रेषा आता उपग्रहाने मोजतात. तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियात पिल्लं वाढवून हे हंस हिमालय ओलांडतात; खुणा लावलेला एक पक्षी 7,290 मीटर उंचीवर नोंदला गेलाय. कालिदासाने मेघदूतात मानससरोवराकडे निघालेले राजहंस आणि क्रौंचरंध्राची खिंड सांगितली, ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे शरदात ते परत येतात हे त्याच्या वाचकांना ठाऊकच असणार. आमच्याकडे हंस सर्वांत उशिरा, डिसेंबरात. वडिलांच्या चौकटींत 'हंस' हा एकच शब्द त्यांनी कधीकधी दोनदा गिरवलाय.

नांदूरला पक्ष्यांचं गाव म्हणून ओळख मिळायला 1980चं दशक उजाडलं. सलीम अली इथे आले आणि हे महाराष्ट्राचं भरतपूर आहे असं म्हणाले, ते वाक्य आता प्रत्येक फलकावर आहे. 1986मध्ये अभयारण्य झालं. 1987च्या जूनमध्ये सलीम अली गेले. पुढे जून 2019मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नोंद झाली आणि जानेवारी 2020मध्ये ती जाहीर झाली. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. फलक लागला, मनोरे उभे राहिले, चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीच्या पोरांच्या गळ्यात दुर्बिणी आल्या. माझ्या विद्यार्थ्याचे वडील या पाण्यात जाळी टाकायचे. अभयारण्यात मासेमारीला बंदी आली तेव्हा त्या घरातून काय गेलं हे मी बघितलंय. त्या माणसाने नंतर वर्षभर नदीकडे पाठ करून ओटा बांधला. मुलाने दुर्बीण घेतली तेव्हा ते काही बोलले नाहीत. आता मात्र संध्याकाळी विचारतात, आज काय काय दिसलं.

भरतपूरची उपमा मला अपुरी वाटते. तिथलं पाणी राजाने शिकारीसाठी अडवलं, ती जागा पक्ष्यांसाठी म्हणूनच जपली गेली, मारायला का होईना. इथे पक्षी कोणाच्याच मनात नव्हते. दुष्काळ मनात होता, नंतर ऊस मनात होता. संरक्षक म्हणून काढलेले कालवे उसाकडे वळले, कोपरगावच्या पट्ट्यात साकरवाडी उभी राहिली. आणि सगळ्यांच्या नजरेआड बंधाऱ्याच्या मागे गाळ बसत राहिला.

आता कठीण भाग. याच गाळाने माणसं बुडतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला चांदोरी आणि सायखेडा. 1969, 2008, 2016, 2019, या सालांचे पूर तिथल्या घरांच्या भिंतींवर मोजता येतात. 2019च्या ऑगस्टमध्ये चांदोरीत मंदिरांचे कळस तेवढे पाण्यावर होते. तिथले लोक म्हणतात, पात्र गाळाने भरलंय, पाण्याला पुढे सरकायला जागा नाही, म्हणून ते मागे गावात शिरतं, गाळ काढा. माझं माहेर चांदोरीचं. मी बेटावरच्या बगळ्यांसाठी गाळ राहू द्या म्हणते, तेव्हा माझ्या भावजयीच्या ओल्या गाद्या माझ्या डोळ्यांसमोर असतात. पक्षीमित्रांच्या बैठकांत हा विषय निघाला की काही जण शेतकऱ्यांना अडाणी ठरवतात. मला ते सहन होत नाही. ज्याच्या घरात गाळ शिरला त्याला गाळाचं मोल शिकवायचा अधिकार आधी कमवावा लागतो. माझं मत विचाराल तर, पाणी वाहायची मुख्य धार मोकळी करावी आणि बेटांना, उथळ कडांना हात लावू नये. आणि हे ठरवताना एका बाजूला चांदोरीचे लोक आणि दुसऱ्या बाजूला पक्षी मोजणारे, दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवावं. वरून नाशिक शहराच्या पाण्याबरोबर जलपर्णी येते तिचा बंदोबस्त तर आधी करावा. ती ना पक्ष्यांच्या कामाची, ना माणसांच्या.

साडेसातला एकदम सगळे वारकरी पाण्यावर धावत सुटले. आधी कारण कळलं नाही. मग पाणकणसाच्या शेंड्यांवरून तो आला, पंख किंचित वर धरून, डोलत. दलदली भोवत्या. भोवत्या घाई करत नाही. तो काठ शिवतो, वळतो, पुन्हा शिवतो, आणि ज्याला उडायला अर्धा क्षण उशीर होईल त्याची वाट बघतो. बदकं वर उठली, आकाशात तिरपी फिरली, आणि तो गेल्यावर पुन्हा त्याच जागी बसली. थापट्याने तर मान वर करून परत चाळायला सुरुवात केली होती.

"बाई, आलं बघा पाणी."

मला दिसलं नाही. त्याने बोट दाखवलं. चिखलाच्या कडेला एक बारीक चकचकीत रेघ होती, ती मघाशी काडीच्या अलीकडे होती, आता पलीकडे. नदी अशीच येते, पूर नसेल तर. 2005च्या कायद्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायी वाटायचं असं ठरलं, आणि जायकवाडी कमी भरलं की पावसाळ्यानंतर वरून पाणी सोडायचे आदेश निघतात. 2018ला निघाले, 2023ला निघाले. नाशिक-नगरला आंदोलनं होतात, न्यायालयात दावे होतात. मराठवाड्याच्या तहानेविषयी मला आकस नाही. जायकवाडीचा नाथसागरही पक्ष्यांचा मोठा मुक्काम आहे, त्याला पाणी लागतंच. फक्त या सगळ्या वादात हे कोणी बोलत नाही, की पाणी सोडायची वेळ आणि चिखल उघडा पडायची वेळ एकच असते. काही दिवस थांबून, टप्प्याटप्प्याने सोडलं, तर कडेवरची ही पेर वाचते. त्यासाठी जास्तीचं पाणी लागत नाही. कोणीतरी चिखलाकडे बघणारा लागतो.

रेघ पुढे सरकत राहिली. मालगुजे आधी पोटापर्यंत पाण्यात उभे राहिले, मग उठून बेटापलीकडे गेले. शेकाट्यांना काही वाटलं नाही, त्यांचे पायच तेवढे. चिखले उडाले ते दोन-तीन वेळा त्याच जागी परत आले, जणू जमीन चुकून हलली असावी. तुताऱ्या सर्वांत शेवटी उठल्या. तळहाताएवढा चिखल उरला होता, त्यावर तीन उभ्या होत्या. मग एक. मग तीही आमच्या डोक्यावरून, पांढरं बूड दाखवत, शिटी वाजवत शेताकडे गेली.

परतताना रस्त्याकडेला एका शेतात कांद्याची लागण चालू होती. बायका वाकून रोपं लावत होत्या, वाफ्यात नुकतंच पाणी सोडलेलं. माझ्या विद्यार्थ्याने गाडी थांबवली. बायकांच्या मागे दहा पावलांवर, ओल्या वाफ्यात, पिवळे धोबी फिरत होते, आणि त्यांच्यात दोन तुताऱ्या. एका बाईने मागे वळून बघितलं, आम्हाला आणि पक्ष्यांना, आणि पुन्हा लागणीला लागली.

घरी आले. दूधवाला येऊन गेला होता. कालनिर्णयाच्या चौकटीत एक लिटर लिहिलं आणि खाली पेन्सिलीने : पाणी आलं. तुतारी कांद्यात.